अंख, वेजात की शेणकिडा? इजिप्तहून कोणता ताईत आणावा

कैरोच्या खान अल-खलिली बाजारात पेंडंट घ्यायला गेलात की समोर बहुधा चार आकार येतील: अंख, डोळा (वेजात), शेणकिडा आणि नाव कोरलेली लांबोडी चौकट. दिसायला चारही देखणे. पण प्राचीन इजिप्शियन लोकांच्या दागिन्यात आणि ताईतात फारसं अंतर नव्हतं. प्रत्येक आकाराला काम नेमून दिलेलं होतं, आणि कुणासाठी घेताय ते ठरवून निवडलंत तर त्या वस्तूला अर्थ येतो.

सगळ्यात जास्त मागणी अंखला, म्हणजे वर फासासारखी कडी असलेल्या क्रूसाला. अर्थ सरळ आहे: जीवन. मात्र देवळांच्या भिंतींवर पाहा, देव तो राजाच्या नाकाशी धरतात, जणू श्वासच देतायत. तो मुळात देवांनी द्यायचा. गळ्यात घालायचे सुटे अंख मिळाले आहेत, पण डोळ्यांच्या आणि शेणकिड्यांच्या मानाने कमी. मला तो सर्वांत सुंदर दिसतो तो मोठ्या रचनेचा भाग म्हणून. इजिप्तमधल्या लाहून इथे १९१४ साली राजकन्या सितहाथोरयुनेतचा छातीवरचा दागिना सापडला. आज तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तळहातात मावेल एवढ्या सोन्यात अकीक, लाजवर्द, पिरोजा अशा रंगीत दगडांचे ३७२ तुकडे एकेक कापून कोंदणात बसवलेत. मधोमध राजा दुसऱ्या सेनुस्रेतचं नाव, दोन्ही बाजूंना ससाणे, आणि नागांच्या गळ्यात लटकणारे इवलेसे अंख. मागची बाजू कुणाला दिसणार नव्हती, तरी तिथेही तेच चित्र सोन्यावर बारीक कोरलंय.

डोळ्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. तो नुसता नजर लागू नये म्हणून नव्हे. सेथ या देवाशी झालेल्या भांडणात होरस देवाचा डोळा जखमी झाला आणि थॉथ या देवाने तो पूर्ववत केला. 'वेजात' म्हणजे शाबूत, धडधाकट झालेला. म्हणून तो जिवंतपणी गळ्यात असे आणि ममीच्या पोटावरच्या छेदावरही ठेवत. आजारातून उठलेल्या माणसाला द्यायला याहून योग्य आकार मला सुचत नाही.

शेणकिड्याची गोष्ट अशी की शेणाच्या गोळ्यातून पिल्लं बाहेर येताना पाहून प्राचीन इजिप्शियनांना वाटलं, हा आपणच आपल्याला जन्म देतो. 'खेपेर' म्हणजे होणे, अस्तित्वात येणे. त्यावरूनच नाव पडलेला खेप्री हा देव म्हणजे सकाळचा सूर्य. नवं काही सुरू करणाऱ्याला हा द्यावा. पण घेताना उलटा करून बघा. नावं, नक्षी, शुभचिन्हं पोटावर असतात, कारण तो शिक्काही होता. राजा तिसऱ्या आमेनहोतेपने तर राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत मारलेल्या १०२ सिंहांची बातमीच अशा शेणकिड्यांवर कोरून वाटली. मोठा, हिरव्या दगडाचा आणि पोटावर ओळीच्या ओळी मजकूर असलेला नमुना दिसला तर तो हृदय-शेणकिड्याचा. तो मृतासाठी होता, कारण मेल्यावर देवांसमोर हृदय तोललं जातं अशी समजूत होती: माझ्या हृदया, तोलताना माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, अशी त्यावर विनवणी असते. तो वाढदिवसाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नावाची चौकट, कार्तूश, फक्त राजघराण्याच्या नावांभोवती असे. हौस म्हणून छान, ताईत म्हणून मी ती शेवटी ठेवीन.

आता धातू आणि रंग. सोनं म्हणजे देवांचं मांस, चांदी त्यांची हाडं, लाजवर्द केस, अशी त्यांची समजूत. लाजवर्द तर पार अफगाणिस्तानच्या बदख्शानमधून यायचा. हे परवडत नसलं तरी हळहळू नका. क्वार्ट्‌झची पूड, क्षार आणि तांब्याचा अंश भाजून केलेलं निळं-हिरवं फायन्स हे तिथलं खास साहित्य. त्यांच्या भाषेत त्याला 'चकाकणारं' म्हणत. असंख्य सामान्य माणसांचे ताईत त्याचेच होते.

दुकानदार 'ही खरी जुनी वस्तू' म्हणाला तर तिथून उठा. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तूंचा व्यापार बंद आहे. खरे पाहायचे असतील तर गीझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये तुतनखामनचे दागिने आधी पाहा, बाजार नंतर. मी स्वतःसाठी घेईन तो निळ्या फायन्सचा छोटा वेजात, दोऱ्यात ओवलेला.