कोपरे तपासावेत की नफ्याची रेषा सरकवावी?

बारावीत एलपीपी, म्हणजे रेषीय प्रायोजन (ठरलेल्या अटींत जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढणं), आलेखावर सोडवण्याच्या दोन रीती आहेत. कोणती धरायची हे सांगलीच्या रानातल्या एका हिशोबावरून बघू.

समजा १० एकर रान आहे आणि हाताशी ४ लाख ४० हजार भांडवल. हळदीला एकरी खर्च ८० हजार, नफा ६० हजार. सोयाबीनला खर्च २० हजार, नफा २५ हजार. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून धरलेत. हळद क्ष एकर, सोयाबीन य एकर. मग क्ष + य ≤ १० ही जमिनीची अट आणि ४क्ष + य ≤ २२ ही पैशाची (८०क्ष + २०य ≤ ४४० हजार, याला २० ने भागून). क्ष आणि य शून्याहून कमी नसावेत, हे तर आहेच. या सगळ्या अटी पाळणारा आलेखावरचा भाग म्हणजे शक्य प्रदेश.

पहिली रीत कोपऱ्यांची. (०,०), (५.५,०), (४,६) आणि (०,१०) हे चार कोपरे. नफा अनुक्रमे शून्य, ३.३ लाख, ३.९ लाख, २.५ लाख. उत्तर मिळालं: ४ एकर हळद, ६ एकर सोयाबीन. रीत सोपी आहे, परीक्षेत पायऱ्याही स्वच्छ मांडता येतात. पण मुलं घाईत (१०,०) हाही कोपरा धरतात. तिथं नफा ६ लाख दिसतो आणि हात लगेच तिकडे जातो. दहा एकर हळदीला ८ लाख लागतील, ते आणायचे कुठून? तो बिंदू शक्य प्रदेशाच्या बाहेर आहे. आकृती रंगवल्याशिवाय कोपरे मोजू नयेत, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगतो.

दुसरी रीत रेषेची. ६०क्ष + २५य = १५० ही दीड लाख नफ्याची रेषा (आकडे हजारांत, १५० हा सोयीसाठी धरलेला) काढायची आणि पट्टी तिला समांतर ठेवून वर सरकवायची. प्रदेश सोडताना ती शेवटी जिथं टेकते, तिथं कमाल नफा. पट्टी जरा हलली तर वाचन चुकतं, म्हणून नुसती हीच रीत परीक्षेला नको. पण समज येते ती इथंच. मार्केट यार्डात हळदीचा दर चढला-उतरला की रेषेचा उतार बदलतो, तरी ती बराच काळ (४,६) लाच टेकते. सोयाबीनचा नफा २५ हजारांवर स्थिर धरला, तर हळदीचा एकरी नफा २५ हजार ते १ लाख यांमध्ये कुठंही असो, पेरणीचं उत्तर तेच राहतं. बरोबर १ लाख झाला, तर (४,६) पासून (५.५,०) पर्यंतच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सारखाच, साडेपाच लाख नफा देतो. कोपऱ्यांच्या तक्त्यात हे एका नजरेत दिसत नाही. म्हणून परीक्षार्थींनी कोपरे लिहावेत आणि रेषाही आखावी.

शेतात ऊस धरला की चल तीन होतात, कागद अपुरा पडतो. तिथं अमेरिकी गणिती जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स रीत, म्हणजे कोपऱ्यावरून चांगल्या कोपऱ्यावर जात उत्तर गाठणारी आकडेमोड, लागते. हाताने करत बसू नका, एक्सेलमधला सॉल्व्हर ती करतो. त्याचा संवेदनशीलता अहवाल, म्हणजे आकडे बदलले तर उत्तर किती बदलतं हे सांगणारा तक्ता, जरूर उघडा. आपल्या उदाहरणात भांडवल तेवढंच ठेवून एक एकर वाढवला, तर नफा सुमारे १३,३३३ रुपयांनी वाढतो. शेजारचं रान त्याहून जास्त खंडाने मिळत असेल, तर घेऊ नका.