राठ दाढीसाठी सेफ्टी रेझर : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी दाढी राठ आहे. गालावर विरळ, पण हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जाड, दाट केस. सकाळी गुळगुळीत घोटलेली दाढी संध्याकाळी हाताला टोचते. गळ्यावरचे केस किंचित कुरळे, त्यामुळे ते आत वळतात आणि केसतोड होते. अनेक वर्षं पाच पात्यांचं कार्ट्रिज, म्हणजे पात्यांसकट अख्खं डोकंच बदलायचा रेझर, वापरलं. गालावर ते छान चालायचं, हनुवटीवर केस ओढायचं आणि गळ्यावर दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या ठरलेल्या. आता बरेच महिने एकाच पातीचा, जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर वापरतोय. ज्यांची दाढी माझ्यासारखी आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण या विषयावर मराठीत नीट माहिती सहज सापडत नाही.

आधीच सांगतो, राठ दाढीला जोर लागत नाही. तिला धार लागते आणि केस भिजायला वेळ द्यावा लागतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर एक पाती पुरते.

कार्ट्रिजमध्ये नेमकं काय होतं ते समजून घेतल्यावर मला माझ्या पुळ्यांचं कारण कळलं. जिलेटने १९७१ मध्ये दोन पात्यांचा ट्रॅक टू आणला, १९९८ मध्ये तीन पात्यांचा मॅक थ्री आणि २००६ मध्ये पाच पात्यांचा फ्यूजन. कल्पना अशी की पहिली पाती केस कापता कापता थोडा वर ओढते आणि तो मागे सरकायच्या आत पुढची पाती त्याला आणखी खालून कापते. सरळ, मऊ केसांना याचा फायदा होतो. पण कुरळा केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला, की वाढताना त्याला बाहेर यायची वाट सापडत नाही. तो आतच वळतो आणि तिथे पुळी धरते. शिवाय एका ओढीत कातडीवरून पाच पाती जातात, म्हणजे त्याच जागेवरून तीनदा हात फिरवला की पंधरा. गळ्याच्या नाजूक कातडीने ते किती सोसायचं?

मी घेतलेला रेझर मर्कुर ३४सी. जर्मनीतल्या झोलिंगेनचा, म्हणजे सुऱ्या-कात्र्या आणि वस्तऱ्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध असलेल्या गावचा. दोन भागांचा आहे. बुडाची फिरकी फिरवली की वरची टोपी सुटते, त्यात पाती बसवायची आणि परत आवळायची. वजन ८० ग्रॅमच्या आतबाहेर, लांबी जेमतेम आठ-साडेआठ सेंटिमीटर. मूठ जाड आणि आखूड आहे, वर बारीक खाचा आहेत. लांब दांड्याची सवय असलेल्याला पहिले काही दिवस ती हातात अवघडल्यासारखी वाटेल. मला मात्र तीच आवडली, कारण रेझर दोन बोटं आणि अंगठा एवढ्यातच धरला जातो आणि मुठीत आवळून दाबायचा मोहच होत नाही. पाती आवळताना दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आलीय ना, हे समोरून एकदा बघून घ्यायचं. एका बाजूला कमी-जास्त दिसली तर फिरकी थोडी सैल करून पाती बोटाने सरळ करायची आणि पुन्हा आवळायची.

या जर्मन रेझरला लागतात एवढे पैसे घालायलाच पाहिजेत असं अजिबात नाही. आपल्याकडे तयार होणारे चांगले रेझर हजाराच्या आसपास मिळतात आणि मधोमध दोन पाकळ्यांनी उघडणारा वडिलांच्या काळातला रेझर घरात पडून असेल तर तोही गरम पाण्यात उकळून, घासून वापरता येतो. फक्त त्याच्या पाकळ्या नीट मिटताहेत का ते तपासा.

आता पाणी. माझ्या मते राठ दाढीचं निम्मं काम इथेच होतं आणि लोक नेमकं हेच उरकून टाकतात. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो कडक असतो, पाणी शोषलं की फुगतो आणि मऊ होतो. पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. चेहऱ्यावर पाणी मारून लगेच क्रीम लावली तर कडक केसावरच पाती चालवावी लागते. म्हणून मी आंघोळीनंतरच दाढी करतो आणि तरीही कोमट पाण्यात बुडवलेला नॅपकीन दाढीवर मिनिटभर धरतो. हनुवटीवर जरा जास्त वेळ.

आमच्याकडे पुण्याजवळच्या वाघोलीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून त्याची साय धरते, फेस होत नाही. कितीही घोळवलं तरी ब्रशवर पांढरं, चिकट, पातळ असं काहीतरी राहतं आणि चेहऱ्यावर ते क्षणात वाळतं. पहिल्या आठवड्यांत रेझर अडखळत होता त्याचं मूळ पातीत नव्हतं, पाण्यात होतं. आता दाढीपुरतं एक भांडं फिल्टरचं पाणी गरम करून घेतो. तेवढ्या एका बदलाने जो फरक पडला तो कुठल्याही महागड्या पातीने पडला नसता. ज्यांच्याकडे खडकवासल्याचं नळाचं पाणी येतं त्यांना हा त्रास बहुधा जाणवणार नाही. सोलापूर, लातूरकडे बोअरवर दिवस काढणाऱ्यांना मात्र मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तो आधी पाच मिनिटं पाण्यात ठेवायचा, नाहीतर तो सगळं पाणी स्वतःच पितो. सिंथेटिकला ती गरज नाही. ब्रश झटकून थेंब गळायचे थांबले की साबणावर गोल फिरवायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, ते कामाचे नाहीत. फिरवत राहिलं की ब्रशच्या मुळाशी दाट लगदा जमतो. मग तो चेहऱ्यावर नेऊन, बोटांनी दोन-चार थेंब पाणी घालत, गोल गोल घोळवायचा. नीट जमलेला फेस फुगीर नसतो. दह्यावरच्या सायीसारखा जाड, ओलसर आणि चमकदार असतो, त्यात बुडबुडे दिसत नाहीत आणि दोन बोटांत धरून चोळला तर बोटं सरकतात. फेस गालावर कोरडा, मॅट दिसू लागला तर अजून पाणी हवंय. ट्यूबमधली साधी भारतीय क्रीमही चालते, पामोलिव्ह असो की गोदरेज. पण बोटाने फासू नका, ब्रशनेच घोळवा. ब्रशचे केस खुंटांच्या मधे शिरतात, त्यांना उभे करतात आणि पाणी मुळाशी पोहोचवतात.

पाती चालवण्याआधी आपल्या दाढीचा कल ओळखायला हवा. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांनी मला हे दाखवलं. दोन दिवसांची दाढी वाढू द्यायची आणि बोटांची टोकं कोरड्या गालावरून चारही दिशांना फिरवायची. ज्या दिशेला हात सुळकन जातो तो केसांचा कल, अडतो ती उलटी बाजू. गालावर माझे केस सरळ खाली जातात. गळ्यावर उजवीकडे ते खालून वर वाढतात, डावीकडे कंठाच्या बाजूला चक्क भोवरा आहे. याचा अर्थ गळ्यावर वरून खाली रेझर ओढणं म्हणजे माझ्यासाठी पहिल्याच हाताला उलटी दाढी. वर्षानुवर्षं त्याच जागी केसतोड का व्हायची ते तेव्हा समजलं.

मग तीन फेऱ्या. पहिली केसांच्या कलाने, दुसरी आडवी, तिसरी उलटी. प्रत्येक फेरीआधी नवा फेस लावायचा, कोरड्या कातडीवर पाती कधीच नाही. राठ दाढीवाल्यांनी ध्यानात ठेवायचं ते हे की पहिल्या फेरीत दाढी काढायची नसते, फक्त कमी करायची असते. खुंट उरणारच. ते दिसले की हात आपोआप दाबतो आणि तिथेच कातडी सोलली जाते. उरलेले दुसऱ्या फेरीत जातील म्हणून सोडून द्यायचे. गळ्यावर मी तिसरी फेरी करतच नाही. भोवऱ्याच्या जागीही एक कलाने आणि एक आडवी, एवढ्यावर थांबतो. तिथे थोडं खरखरीत राहतं, पण पुळ्या येत नाहीत, आणि मला त्यातलं दुसरं जास्त मोलाचं आहे.

कोन साधारण तीस अंशांचा. तो मोजायचा नसतो, शोधायचा असतो. रेझरची टोपी गालाला टेकवायची, दांडा जमिनीला समांतर, आणि मग दांडा हळूहळू खाली आणत हलकेच ओढत राहायचं. एका क्षणी पाती केसाला भिडते आणि बारीक चर्र असा आवाज येतो. तोच कोन. जाड केसांना हा आवाज फार स्पष्ट येतो, हनुवटीवर तर आरशात न बघता नुसत्या आवाजावर कळतं की कुठे कापलं जातंय आणि कुठे संपलं. आवाज थांबला की त्या जागेवरून पुन्हा फिरवायचं नाही. वजन रेझरचंच, आपण फक्त दिशा द्यायची. ओढ छोटी, दोन-तीन सेंटिमीटरची, आणि दुसऱ्या हाताने कातडी थोडी ताणलेली. हनुवटीच्या गोलाईवर तर त्याहूनही छोटी. वरच्या ओठावर नाकाखालची जागा अवघड असते. तिथे ओठ दातांवर घट्ट ओढून घेतला की कातडी सपाट होते.

पात्यांबद्दल. जिलेटला १९०४ मध्ये या रेझरचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि १९२१ मध्ये त्याची मुदत संपली, म्हणजे ही रचना सगळ्यांना खुली झाली. आज जपानची फेदर, अस्त्रा, आपली टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक, कुठलीही दुधारी पाती कुठल्याही अशा रेझरमध्ये बसते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा रेझर घेतला की तुम्ही कुठल्याही एका कंपनीला बांधील राहत नाही. एकाच प्रकारच्या शंभर पात्यांचा डबा आधीच घेऊ नका. पाच-सहा प्रकारांची एकेक पाकिटं घ्या. फेदर फार तीक्ष्ण आहे. राठ केसांतून ती सहज जाते, पण हात अजून हलका झाला नसेल तर ती कातडी सोलते, म्हणून सुरुवातीला नको. मी आधी अस्त्राची हिरवी आणि सेव्हन ओ'क्लॉकची पिवळी वापरून हात बसवला. आता आठवड्यातून एकदा, दोन दिवस वाढलेल्या दाढीला फेदर, एरवी सेव्हन ओ'क्लॉक.

पाती लवकर बोथट का होते याचं उत्तर मला २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधनात मिळालं. केसापेक्षा पातीचं पोलाद सुमारे पन्नास पट कठीण असतं, तरीही एकच केस तिची धार खरवडू शकतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर धार नुसती झिजत नव्हती, तिचे बारीक टवके उडत होते. केस पातीला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, की टवका उडतो. जाड दाढीत असे प्रसंग अर्थातच जास्त. म्हणून मऊ दाढीवाले मित्र एक पाती सात-आठ वेळा वापरत असले तरी मी तीन किंवा चार दाढ्यांनंतर बदलतो. ओढ जाणवली की त्याच दिवशी बदलायची. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धी पाती नवी लावतात, तिथे दाढी इतकी सुळसुळीत होण्यात त्या नव्या धारेचा मोठा वाटा आहे.

खर्चाचं थोडक्यात. चांगल्या कार्ट्रिजचा एकेक नग शंभर-दीडशेच्या पुढे गेलाय. दुधारी पाती साधारण पाच ते दहा रुपयांना, फेदर तीस-चाळीसच्या घरात. रेझरची किंमत भरून निघायला वेळ लागतो, पण निघते.

दाढी झाल्यावर गार पाणी आणि मग ओली तुरटी. तुरटी बारीकसारीक रक्त थांबवते हे सगळ्यांना माहीत आहे, पण मी तिला परीक्षक मानतो. जिथे चुरचुरेल तिथे आज हात जड पडला किंवा एकाच जागी जास्त फिरला. मिनिटभराने ती धुऊन टाका, चेहऱ्यावर वाळू दिली तर कातडी ओढल्यासारखी होते. नंतर साधं मॉइश्चरायझर. स्पिरिट असलेलं आफ्टरशेव्ह मी बंद केलं, गळ्याला ते सोसत नाही.

त्रासही आहेत. पंधरा-वीस मिनिटं लागतात. सकाळी साडेसातची बस पकडायची असेल तर हे जमत नाही, म्हणून मी बऱ्याचदा रात्री झोपण्याआधी दाढी करतो. शिवाय गळ्यावर आधीच पू धरलेले फोड असतील तर रेझर बदलून ते जाणार नाहीत. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, बरं होईपर्यंत ट्रिमरने केस बारीक ठेवा आणि मग हे सुरू करा. माझ्याही पुळ्या एका आठवड्यात गेल्या नाहीत, आत वळलेले जुने केस बाहेर यायला दोनेक महिने गेले. अजूनही पावसाळ्यात एखादी येते.

वापरलेली पाती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंचे हात त्यात जातात. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर चीर पाडलीय, पाती त्यातून आत सोडायची. डबा भरला की चीर पट्टीने बंद करून भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्यायचा. लहान मुलं असतील तर तो वरच्या फळीवर. आणि विमानाने जाणार असाल तर रेझर आणि पात्या चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात सुटी पाती नेऊ देत नाहीत. दोन दिवसांच्या प्रवासाला मी नुसता रिकामा रेझर नेतो आणि पात्यांचं पाकीट पोहोचल्यावर किराणा दुकानातून घेतो, ते आपल्याकडे कुठल्याही गावात मिळतं.