कॅम्परमधली पाण्याची टाकी कशाने धुवावी? हायपोक्लोराइट, टीसीएल, गोळ्या आणि सायट्रिक ॲसिड

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली कॅम्पर व्हॅन बाहेर काढली की आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्यावा. कोकणातल्या दमट हवेत तळाशी राहिलेलं बोटभर पाणीही पुरतं. आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतोच. आणि तो फक्त टाकीत नसतो, पाइपांत, पंपाच्या जाळीत आणि नळाच्या तोंडाशीही असतो. हे सगळं निर्जंतुक करायला काय घ्यावं, हा इथला प्रश्न.

निवड करण्याआधी एक फरक पक्का लक्षात घ्या. सायट्रिक ॲसिड आणि व्हिनेगर साठलेला क्षार-गंजाचा थर सोडवतात, पण त्यांच्या भरवशावर टाकी निर्जंतुक झाली असं मानता येत नाही. क्लोरीन (हायपोक्लोराइट, टीसीएल आणि गोळ्यांतून मिळतो तो) जंतू मारतो, पण क्षार आणि गंज त्याने विरघळत नाहीत. ‘व्हिनेगरने धुतली, आता प्यायला हरकत नाही’ हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. लहान मुलं बरोबर असतील तर हा समज फार महागात पडू शकतो.

घाटावर बोअरच्या जड पाण्याने टाकीत पांढरा क्षार धरतो. कोकणात जांभ्याच्या कातळातलं विहिरीचं पाणी बहुधा मृदू असतं, पण त्यात लोह असेल तर तळाशी तांबूस गाळ बसतो. अशा टाकीत थेट क्लोरीन ओतला तर बराचसा त्या गाळावर आणि शेवाळ्यावरच खर्च होतो. म्हणून तांबूस डाग असतील तर आधी सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात ते लिंबूसत्व म्हणून मिळतं. १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम पुरे. ते टाकीत घालून गाडी गावातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर थोडी फिरवली की पाणी आतल्या सगळ्या भिंतींवर आपटतं. मग थोडं पंपाने पाइपांतून काढा, बाकीचं सोडून द्या आणि दोनदा तरी स्वच्छ पाण्याने धुवा. या धुण्यात आळस नको. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद व्हॅनमध्ये तो जीवावर बेतू शकतो. टाकीत डाग नसतील, नुसता कोंदट वास असेल, तर ही पायरी सोडा.

आता खरी तुलना. द्रव सोडियम हायपोक्लोराइट माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य. ते पाण्यात लगेच मिसळतं, मागे गाळ ठेवत नाही आणि हिशोब सोपा आहे. ५ टक्क्यांचं द्रव लिटरमागे १ मिलिलिटर घातलं की लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतो. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. डबा १० टक्क्यांचा असेल तर निम्मं. मात्र बिनवासाचं, बिनरंगाचं, साबण नसलेलं घ्या. संडास-बाथरूमसाठीचं घट्ट द्रव टाकीत चालणार नाही. याचा मोठा दोष म्हणजे उष्णतेत त्याची ताकद उतरत जाते. उन्हाळाभर दुकानाच्या दारात तापलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. उत्पादनाची तारीख वाचा आणि लहान बाटली घ्या.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच, त्यामुळे ओळखीची आणि स्वस्त. ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, म्हणजे १०० लिटरला १५ ग्रॅम. अडचण कोकणच्या हवेची आहे. पुडा एकदा उघडला की पावडर ओल धरते, तिचे गोळे होतात आणि ताकद किती उरली ते डोळ्यांना कळत नाही. शिवाय तिच्यातला चुना विरघळत नाही. पावडर थेट टाकीत घातली तर तो पंपाची जाळी आणि शॉवरची भोकं बुजवतो. बादलीत कालवून, तासभर स्थिर ठेवून, वरची निवळच ओतायची. गावातली विहीर किंवा घरावरची मोठी टाकी असेल तर मी टीसीएलच सांगेन. बारा व्होल्टचा छोटा पंप असलेल्या गाडीसाठी नाही.

क्लोरीनच्या गोळ्या या कामाच्या नाहीत. पिण्याच्या पाण्याचा डोस आणि टाकी निर्जंतुक करण्याचा डोस यांत कैक पटींचा फरक आहे. पुडेच्या पुडे संपतील. पण प्रवासात अनोळखी विहिरीवर टाकी भरली की त्याच उपयोगी. पाणी कपड्याने गाळून घ्यायचं, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. हायड्रोजन पेरॉक्साइडला वास राहत नाही हे खरं, पण औषधांच्या दुकानातल्या बाटल्यांनी टाकी भरणं खिशाला परवडत नाही, आणि तीव्र पेरॉक्साइड हाताळणं घरच्या माणसाचं काम नव्हे.

काहीही निवडलं तरी क्रम तोच. फिल्टरची कांडी आधी काढा, कारण सक्रिय कार्बन क्लोरीन शोषून घेतो. आरओ असेल तर त्याच्या मेंब्रेनची क्लोरीनने नासाडी होते. गीझर बंद करून थंड होऊ द्या. टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून द्रव मिसळा आणि प्रत्येक नळ, गरम पाण्याचाही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. बाहेरचा शॉवर इथे हमखास विसरला जातो. किमान चार तास तसंच ठेवा. प्लास्टिकच्या टाकीत रात्रभर राहिलं तरी चालतं. स्टीलच्या टाकीत मात्र रात्रभर ठेवू नका, गंजाचे टिपके पडतात. मग वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा भरून सोडा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचं द्रावण असतं, क्लोरीन असलेलं पाणी त्याने पिवळं होतं. शेवटच्या पाण्यात पिवळी छटा फिकी झाली की काम झालं.

समुद्राजवळच्या वाडीत थांबला असाल तर धुण्याचं पाणी आधी चाखून बघा. उन्हाळ्याच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ होतात, आणि त्या पाण्याने स्टीलची टाकी धुणं म्हणजे नव्या गंजाला आमंत्रण.

टाकीतून काढलेलं क्लोरीनचं पाणी पऱ्ह्यात, खाडीत किंवा कांदळवनात सोडू नका. मासे आणि खेकडे तिथेच वाढतात. उघड्या पिंपात भरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. वास पूर्ण गेला की विहिरीपासून आणि माडा-पोफळीच्या मुळांपासून दूर, मोकळ्या कातळावर ओता.