वेळ १०.३० ची, तपासणी दीड वाजता
पुण्यातील या मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात आईसाठी आठवडाभर आधी फोन करून सकाळी १०.३० ची वेळ घेतली होती, तरी आत जायला दुपारचा दीड वाजला. नाश्त्यानंतर २ तासांनी द्यायचा रक्ताचा दुसरा नमुना घेणाऱ्या ताई डॉक्टरांच्या मदतीला आत अडकल्याने तीही वेळ टळली आणि आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले. वहीत १०.३० समोर चार नावे लिहिलेली मी स्वतः पाहिली. डॉक्टर मात्र अतिशय शांतपणे तपासतात, पायाच्या तळव्यांची संवेदनाही पाहतात. पण इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धांना जेवणाच्या वेळेपलीकडे ताटकळत ठेवले, तर त्यांची साखर एकाएकी उतरू शकते. उशीर होणार असल्यास निदान फोन तरी करावा, ही कळकळीची विनंती.