फिरायला जाताना पायात काय: सरकवायचे, लेसचे की पट्ट्याचे?

गेल्या तीन सहलींत मी तीन तऱ्हेचे बूट वापरले. पहिल्या सहलीत विणलेल्या कापडाचे, बिनलेसचे, पाय आत सरकवला की झालं असे. दुसऱ्या सहलीत लेसचे कातडी स्नीकर्स. तिसऱ्या वेळी पुढून बंद आणि पावलावर आडवा पट्टा असलेले, ज्यांना मेरी जेन म्हणतात ते, मात्र खाली चालायच्या बुटाचा जाड रबरी सोल असलेले. तिन्ही जोड अजून घरात आहेत आणि तिन्ही वापरात आहेत, म्हणून कुणाला नावं ठेवायला बसलेले नाही. फक्त पुढच्या वेळी बॅग भरताना हात कुठल्या जोडाकडे जाणार हे आता मला ठाऊक झालंय.

अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, चवडा आवळला जाऊ नये, नवा कोरा जोड थेट सहलीला नेऊ नये, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. दुकानातल्या परीक्षाही बहुधा माहीत असतील: टाचेमागचा भाग बोटांनी दाबला तर तो लगेच चेपू नये, बूट टॉवेलसारखा पिळता येऊ नये, आणि दुमडला तर बोटं जिथे सुरू होतात तिथे दुमडावा, मधोमध नाही. नाजूक, पातळ तळाच्या बॅलेरिना (बिनलेसच्या सपाट जोड्या) या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतात, म्हणून त्यांना या तुलनेत घेतलंच नाही. संध्याकाळी जेवायला बाहेर पडताना त्या घालाव्यात. दिवसभर दगडी रस्त्यांवर मात्र नकोत.

दिसण्याचं आधीच बोलून टाकते. दिसण्याला महत्त्व नाही म्हणणाऱ्या आम्ही बायकासुद्धा सहलीचे फोटो आल्यावर आधी आपले पाय बघतो. विणलेल्या बुटांचं रूप खेळाचंच. तो काळा किंवा राखाडी, एकरंगी आणि सोलसकट एकाच रंगाचा असेल तर खपून जातो. पांढरा फुगीर सोल आला की कितीही चांगल्या ड्रेसखाली तो सकाळी धावायला निघाल्यासारखाच दिसतो. कातडी स्नीकर पँटखाली फार छान दिसतो, लांब स्कर्टखालीही चालतो. पट्ट्याच्या बुटांवर शाळेच्या गणवेशाची छाया असते, ते मान्य. (नावही लहान मुलीचंच आहे. १९०२ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झालेल्या एका चित्रमालिकेतल्या मुलीवरून ते आलं.) पट्टा घोट्याजवळ असला तर पाय आखूड दिसतो, खाली, पावलाच्या मध्यावर असला तर तसं होत नाही. ड्रेस, स्कर्ट, पँट या तिन्हींवर मला तरी हाच जोड सर्वांत कमी खटकला. ही माझ्या डोळ्यांची आवड, तुमची वेगळी असू शकते.

आता सरकवायच्या बुटांकडे येते. मी यांच्यावर अक्षरशः भाळले होते. वजन नाहीच. बॅगेत दडपले तरी पुन्हा आकारात येतात. विमानात काढून ठेवा, उतरताना अंधारात चाचपडत घाला. सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन मी दाराशी उभी असायची. पहिले दोन दिवस तर वाटलं, लेस नावाचा प्रकार माणसाने अजून का ठेवलाय?

तिसऱ्या दिवसापासून उत्तर मिळायला लागलं. विणलेलं कापड पहिल्या आठवड्यात तुमच्या पायाच्या आकाराला येतं, आणि नंतरही येतच राहतं. सकाळी गार हवेत बूट जरा सैल लागायचा, टाच आत वरखाली व्हायची. दुपारनंतर तोच बूट चवड्यावर बसायचा. हा बुटाचा दोष म्हणावा तर तसाही नाही, कारण पायच दिवसभर एकसारखा राहत नाही. तासन्‌तास उभं राहिलं, चाललं की शरीरातलं पाणी खाली उतरतं, उन्हाने त्यात भर पडते आणि पाऊल फुगतं. म्हणूनच तर बूट संध्याकाळी विकत घ्यावेत असं सांगतात. पण संध्याकाळच्या पायाला बेताचा घेतला तर तो सकाळी सैल होणार, आणि सकाळच्या पायाला बेताचा घेतला तर चार वाजता जीव नकोसा होणार. सरकवायच्या बुटात या भांडणावर तोडगाच नाही. तो जेवढा आहे तेवढाच.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला पाऊल आत पुढे घसरायचं आणि बोटं बुटाच्या टोकावर आदळायची. जिना अरुंद, मागे माणसं, थांबायची सोय नाही. थांबून तरी काय केलं असतं? घट्ट करायला त्या बुटाला काही होतंच कुठे! खाली आल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं ठणकत होती आणि डाव्या टाचेला फोड. फोड येतो तो घासण्याने आणि ओलाव्याने, हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं त्या क्षणी पायात नव्हतं.

म्हणून पुढच्या सहलीला लेसचे. आणि इथे मी प्रामाणिकपणे सांगते, कागदावर हाच जोड जिंकतो. लेस म्हणजे भोकागणिक वेगळा ताण देता येतो. चवड्यावर सैल, वर पावलाशी घट्ट, असं हवं तसं. घोट्याजवळ ते सगळ्यांत वरचं जादा भोक असतं, जे बहुतेकजणी रिकामं सोडतात, त्यातून लेस आतल्या बाजूला छोटा फास करून घ्यायची आणि समोरच्या बाजूच्या लेसचं टोक त्या फासातून ओवून ओढायचं. टाच जागच्या जागी बसते, उतारावर बोटं आदळत नाहीत. ही युक्ती मला फ्लॉरेन्सच्या आधी कुणी सांगायला हवी होती.

लेस सुटतात ही तक्रार मी फारशी मानत नाही. त्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला होता: पाय जमिनीवर आपटला की गाठ ढिली होते आणि पाय हवेत फिरताना लेसची मोकळी टोकं झटके देत तिला ओढून सोडवतात. तिरकी बसणारी गाठ, जिला इंग्रजीत 'ग्रॅनी नॉट' म्हणजे आजीबाईची गाठ म्हणतात, लवकर सुटते, बुटाला काटकोनात आडवी बसणारी गाठ जास्त टिकते. तुमचा बो जर बोटं-टाचेच्या दिशेने वळून बसत असेल, तर पहिला वेढा उलट्या बाजूने घ्यायला सुरुवात करा. माझी निम्मी कटकट एवढ्याने मिटली.

मिटली नाही ती दुसरी निम्मी, आणि तिनेच माझा निर्णय केला. लेस सैल करता येते, पण मी ती करत नाही.

प्रसंग असा. एका संग्रहालयाबाहेर रांग. दुपारचे साडेतीन. पाय फुगलेले, लेसची वीण पावलावर रुतलेली. धाकटी बहीण शेजारी. मी दर दोन मिनिटांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतेय.

"ताई, सैल कर ना मग."

"आत गेल्यावर बाक असेल, तिथे करते."

रांग थोडी थोडी सरकत होती. खाली वाकायचं तर खांद्यावरची पर्स पुढे येणार, हातातली पाण्याची बाटली कुठे ठेवू, ड्रेस आवरू की लेस? आणि लेस नुसती सोडून भागत नाही, खालपर्यंत एकेक आडवा फेरा बोटाने ओढून सैल करावा लागतो, नाहीतर फक्त वरचा भाग मोकळा होतो. आत गेलो, तर बाकावर माणसं बसलेली. मग कॅफेत करू. मग हॉटेलवरच जाऊ आता. रात्री मोजे काढले तर पावलावर लेसच्या जाळीचे लाल व्रण. पाच मिनिटांचं काम मी पाच तास पुढे ढकललं होतं, आणि त्या सहलीत रोज हेच करत होते. बहीण म्हणाली आळस. असेल. पण तो आळस मी दर सहलीला बरोबर नेणार आहे, तेव्हा बूट त्याला धरून निवडलेला बरा.

पट्ट्याच्या बुटाने मला जिंकलं ते एवढ्यावरच. उभ्या उभ्या एक पाय जरा उचलायचा, एका हाताने वेलक्रोचा पट्टा सोडायचा, अर्धा बोट सैल करून पुन्हा दाबायचा. रांगेतली जागा जात नाही, बाटली हातातच राहते. जिना उतरायच्या आधी घट्ट, खाली आल्यावर सैल. मी मोजत बसले नव्हते, पण एका दिवसात पाच-सहा वेळा तरी पट्टा हलवला असेन, आणि हे माझ्या लक्षातही आलं ते रात्री, पायावर कुठलाच व्रण न दिसल्यावर. वेलक्रोची ही करामत स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये सुचली ती कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्या कुत्र्याचेही आभार मानायला हवेत.

दोष आहेतच. पावलाचा वरचा भाग उघडा, त्यामुळे बारीक खडी आत येते आणि मग एका पायावर लंगडी घालत बूट झटकावा लागतो. पाऊस आला की मोजे ओले. वेलक्रोत केस आणि कापडाचे धागे अडकतात, दर दोन-चार दिवसांनी जुन्या टूथब्रशने ते काढावे लागतात, नाहीतर पकड जाते. आणि तो आवाज! शांत दालनात पट्टा सोडला की चर्रर्र होतं आणि चार माना वळतात. ज्यांच्या पावलाचा वरचा उंचवटा जास्त आहे त्यांना पट्टा काचू शकतो. माझा पाय चपटा आहे, म्हणून माझं ऐकताना एवढं वजा करा.

खालचा दगड कसा, यावरही थोडं ठरतं. रोममध्ये लाव्हाच्या दगडाचे काळसर छोटे ठोकळे बसवलेत, त्यांच्या मधल्या फटींत पातळ सोल लगेच कळतो. लिस्बनची चुनखडीची फरसबंदी पायांनी घासून गुळगुळीत झालेली आणि भिजली की निसरडी. अशा ठिकाणी वरचा भाग लेसचा की पट्ट्याचा यापेक्षा खालचं रबर मऊ आणि खाचांचं आहे का, हे आधी पाहावं. मेरी जेनच्या नावाखाली टणक, सपाट तळाचेही पुष्कळ मिळतात. ते नकोत.

तर लेसचे कुणी घ्यावेत? थंडीत किंवा पावसाळी हवेत फिरणार असाल, शहराबरोबर एखादी डोंगरवाट करणार असाल, किंवा डॉक्टरांनी दिलेलं वेगळं इनसोल घालत असाल, तर विचारच करू नका, लेसचेच घ्या. ज्यांना वाकून पटकन लेस ओढायचा कंटाळा नाही त्यांनीही. माझी बहीण त्यातली. ती अजून लेसवरच आहे आणि मजेत आहे. सरकवायचे मी आता विमानासाठी आणि हॉटेलातल्या सकाळसाठी ठेवलेत. बॅगेत दुसरा जोड म्हणून त्यांना तोड नाही, कारण दोन जोड आलटून पालटून घातले की सोलच्या फोमला फुगून यायला आणि अस्तराला वाळायला रात्र मिळते.

जाता जाता कपाटातल्या जोडाबद्दल. 'चांगले आहेत म्हणून' चार-पाच वर्षं जपून ठेवलेले बूट सहलीसाठी बाहेर काढू नका, निदान आधी आठवडाभर घालून पाहिल्याशिवाय. पॉलियुरेथेनचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वरून नवा दिसतो आणि पहिल्या दिवशी रस्त्यात भुगा होऊन गळतो. माझ्या एका मैत्रिणीने अशा जोडाचा तळ सुतळीने बांधून हॉटेल गाठलंय.

पट्ट्याचा घ्यायचं ठरलंच, तर एक फसगत टाळा. बऱ्याच जोडांवर बक्कल असतं ते निव्वळ शोभेचं, पट्ट्याच्या टोकाला खाली इलास्टिक शिवलेलं असतं किंवा एकच ठरलेला हूक असतो. दिसायला पट्टा, वागायला सरकवायचा बूट. पट्टा कडीतून जाऊन उलटा वळून चिकटणारा हवा, आणि सैल-घट्ट दोन्हीकडे बोटभर वाव हवा. दुकानात दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी जा, पट्टा मधल्या जागी लावा, आणि कशाला न धरता, उभ्यानेच, पर्स खांद्यावर ठेवून तो सोडून पुन्हा लावता येतो का पाहा. मला दुसऱ्या प्रयत्नात जमलं, आणि मी पेटी बंद करायला सांगितली.