ट्रामची जुनी पोस्टकार्डं: छापील घ्यावीत की फोटोची?

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या विजेच्या ट्रामची कार्डं जमवायची ठरलं, की लगेच पैशांचा प्रश्न येतो. एखाद्या मेन स्ट्रीटचं रंगीत छापील कार्ड दोन-चार डॉलरला मिळून जातं. तेच दृश्य खऱ्या फोटोत, म्हणजे निगेटिव्हवरून थेट पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवलेलं हवं असेल, तर सहज दहापट मोजावे लागतात. ट्राम जवळून दिसत असेल आणि पायरीवर कंडक्टर उभा असेल, तर विचारूच नका. मी दोन्ही प्रकार घेतले आहेत आणि हल्ली बहुतेक फोटोचीच घेतो. तरी छापील कार्डांची बाजू आधी मांडतो, कारण ती काही लंगडी नाही.

छापील कार्डावर गावाचं नाव असतं, हा त्याचा मोठाच गुण. फोटोकार्ड गावातल्या फोटोग्राफरनं गावातल्याच गिऱ्हाइकांसाठी काढलेलं. आपण कुठे आहोत हे लिहायची गरज त्याला कित्येकदा वाटलेलीच नाही. मग गाडीवर रंगवलेलं कंपनीचं नाव भिंगातून वाचत बसा. ‘लेक शोअर इलेक्ट्रिक’ दिसलं तर निदान ओहायो राज्यातला क्लीव्हलंड ते टोलेडो एवढा पट्टा तरी हाती लागतो. नुसता गाडीचा नंबर असेल तर कार्ड वर्षानुवर्षं बेवारस पडून राहतं. छापील कार्डाचं सालही तुलनेनं लवकर लागतं. शिकागोच्या कर्ट टाइश कंपनीच्या कार्डांवरच्या क्रमांकांचा उलगडा संग्राहकांनी केव्हाच केला आहे, आणि त्या कंपनीचा संग्रह आज शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

एवढं असूनही माझं मन छापील कार्डांवरून उडालं, ते तारांमुळे. विजेच्या ट्रामच्या डोक्यावर तार हवी, इतकी साधी गोष्ट. पण कार्ड छापणाऱ्यांना तारा आणि खांब म्हणजे चित्रातला कचरा वाटायचा; आकाश स्वच्छ दिसावं म्हणून रंगारी ते बिनदिक्कत पुसून टाकत. मग कार्डावर काय दिसतं, तर रस्त्याच्या मधोमध ट्राम, तारेतून वीज घेणारा तिचा दांडा वर ताणलेला, आणि त्याचं टोक निळ्या आकाशाला टेकलेलं. एकदा ही खोड दिसली, की पुढच्या प्रत्येक कार्डात नजर आधी तिकडेच जाते. रंग भरणारा माणूस अनेकदा जर्मनीतल्या नाहीतर शिकागोतल्या छापखान्यात बसलेला, त्यानं ते गाव पाहिलेलंही नसायचं. त्यामुळे ट्रामच्या रंगावरही विश्वास ठेवता येत नाही. काही कार्डांत तर रिकाम्या रस्त्यावर ट्राम चक्क मागाहून आणून बसवलेली असते. चाकं रुळांवर नीट टेकत नाहीत, तेव्हा ते कळतं. आणि दुपारच्याच फोटोवर निळा रंग चढवून, ढगाआड चंद्र काढून ‘रात्रीचं दृश्य’ म्हणून विकलेली कार्डं तर ढिगानं सापडतात. सावल्या मात्र दुपारच्याच.

कुणी म्हणेल, तारांचं एवढं काय? मला त्यातच रस आहे. तार दोन बाजूंच्या खांबांमध्ये आडवी ताणून टांगली होती की एकाच खांबाच्या हातावर, रूळ एकेरी होता की दुहेरी, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची सोय कुठे होती, यावरून त्या गावची ट्राम कशी चालायची ते समजतं. फोटोकार्डावर भिंग धरलं की हे सगळं दिसतं, पाटीवरची अक्षरंसुद्धा. छापील कार्डावर भिंग धरलं की बहुधा ठिपके दिसतात. सगळी छापील कार्डं एका माळेची नाहीत, हेही खरं; डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीची फोस्टिंट कार्डं फार सुबक आहेत. उलट फोटोही थापा मारतो. कॅन्ससमधल्या ओटावाच्या विल्यम मार्टिननं गाडीभर मावतील एवढ्या अजस्र भाज्यांची फोटोकार्डं जोडकाम करून विकलीच होती. पण ती थाप हसवण्यासाठी होती, तारा पुसणारी मुकाट असते.

फोटोची दुसरी जमेची बाजू म्हणजे ताजेपणा. १९०३ मध्ये कोडॅकनं पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा ३ए कॅमेरा काढला आणि गावोगावचे हौशी लोकही कार्डं करू लागले. जर्मनीहून छापून यायला महिने लागत. इथे सकाळची घटना संध्याकाळी कार्डावर येऊ शकायची. म्हणून अपघात, पूर, बर्फात रुतलेल्या गाड्या आणि नव्या मार्गावरची पहिली ट्राम यांसाठी फोटोकार्डांकडेच वळावं लागतं.

घेताना आधी मागची बाजू पाहावी. तिकिटाच्या चौकोनात ‘एझेडओ’ (AZO, फोटोच्या कागदाचा एक छाप) अक्षरं आणि कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतरचा. विक्रेता १९१० चं म्हणून देत असेल आणि कोपऱ्यांत त्रिकोणांऐवजी चौकोन असतील, तर ती मागाहून काढलेली प्रत समजावी. शंका वाटली तर अतिनील दिव्याखाली धरावं. कागद निळसर पांढरा चमकला तर बहुधा १९५० नंतरचा. कडेला चढलेली चंदेरी झाक मात्र मला खटकत नाही, जुन्या फोटोला ती येतेच.

एका बाबतीत मी अजून छापील कार्डच घेतो. रविवारी गाड्या भराव्यात म्हणून ट्राम कंपन्या मार्गाच्या टोकाला बागा काढायच्या. तळं, नावा, नाचघर, बँडचा मंडप. तिथे मला तारांची फिकीर नसते, आणि ते भडक रंग त्या जागेला शोभतातही. पोस्टकार्डांच्या प्रदर्शनात विक्रेत्यांकडे दोन डॉलरच्या खोक्यात अशी कार्डं हमखास असतात, बहुधा ‘ओहायो, किरकोळ’ अशा चिठ्ठीमागे.