घरच्या जिंजर बीअरसाठी आल्याचं विरजण बरं की पाकिटातलं यीस्ट?

घरी बीअर करायची हौस असेल तर आधी हे वाचा. जवाच्या माल्टची खरी बीअर विनापरवाना करणं महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर्धा-गडचिरोली हे तर दारूबंदीचेच जिल्हे. शिवाय त्या बीअरच्या नेहमीच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश तापमान लागतं. ते आपल्याकडे हिवाळा सोडला तर मिळत नाही. आंबवण्याचा हात बसवायचा तर जिंजर बीअर, म्हणजे आल्याचं गोड पाणी आंबवून केलेलं पेय, करावी. त्यातही थोडं अल्कोहोल होतंच आणि बाटली जितकी बाहेर राहील तितकं वाढतं, म्हणून लहान मुलांना देऊ नका, विकायचं तर मनातही आणू नका.

आता निवड. मी दोन्ही करून पाहिलं.

पाकिटातलं यीस्ट तालुक्याच्या गावी केकचं सामान मिळतं तिथे मिळतं. लिटरभर आल्याच्या गोड पाण्याला दोन बोटांची चिमूटभर पुरते. पाणी कोमट हवं; उकळत्या पाण्यात टाकलं तर यीस्ट मरतं. उन्हाळ्यात एका रात्रीत बाटली टणक होते. काम खात्रीचं, पण चवीला मागे पावाचा वास राहतो, लिंबू कितीही पिळा.

आल्याच्या विरजणाला धीर लागतो. सालीसकट किसलेलं आलं, तेवढीच साखर आणि पाणी बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज चमचाभर आलं-साखर देत राहायचं. यीस्ट आल्याच्या सालीवरच असतं, म्हणून साल काढायची नाही. तीन-चार दिवसांनी बुडबुडे येतात, बरणीला कान लावला तर चुरचुर ऐकू येते. मग गाळलेलं अर्धी वाटी विरजण लिटरभर थंड झालेल्या आल्याच्या पाण्याला लावायचं. चव इतकी स्वच्छ आणि तिखट येते की पाकीटवाली नंतर फिकी वाटते.

विरजण बहुतेकांचं बिघडतं ते पाण्यापायी. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल त्या दिवशी ते पाणी थेट वापरू नका. क्लोरीनने बरणी थंडावते. गंजात पाणी उकळून पूर्ण निवू द्या. पाकिटातल्या यीस्टचं एवढ्यानं फारसं बिघडत नाही, कारण ते मुळात दमदार असतं.

दुसरं, ऊन. मे महिन्यात घरातच अडतीस-चाळीस अंश असतं. विरजण तेव्हा झपाट्याने चालतं आणि तितक्याच लवकर आंबट होतं. बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं पोतं गुंडाळा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पोतं वाळताना बरणी चांगली गार होते. फक्त पोतं सुकू द्यायचं नाही. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही.

बाटलीच्या बाबतीत मात्र दोन्हींना नियम एकच, आणि तो मोडू नका: काचेची नको, कोल्ड्रिंकची प्लास्टिकची घ्या. आत वायू साचत जातो, काच फुटली तर डोळ्याला इजा होऊ शकते. प्लास्टिकची बाटली दाबून पाहता येते. दाबली न गेली की लगेच फ्रिजमध्ये. लाइट जास्त वेळ गेली तर आतलं आंबणं पुन्हा सुरू होतं, तेव्हा झाकण जरा सैल करून वायू सोडा. पाकीटवाल्या बाटलीला हे जास्त वेळा करावं लागतं.

म्हणून माझं मत असं: पहिलीच वेळ असेल आणि दोन दिवसांत प्यायची असेल तर यीस्ट घ्या, त्यात साखर, वेळ आणि बाटलीचा अंदाज येतो. रोज बरणीकडे बघणारं माणूस घरात असेल तर थेट विरजणच लावा, आणि तेही दिवाळीनंतर, आलं ताजं असताना. दोन वापरांच्या मध्ये बरणी फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यातून एकदा चमचाभर आलं आणि साखर द्या. बुरशीचा पांढरा-हिरवा केसाळ थर दिसला तर वरचं काढून वापरू नका, सगळंच फेका.